लोखंड पेठेचे, दांडा शिवारचा

हाताने चालवायच्या अवजाराचे दोन भाग असतात: प्रत्यक्ष काम करणारे पाते, आणि माणसाच्या खांद्यातली ताकद त्या पात्यापर्यंत पोहोचवणारा दांडा. अवजारांच्या इतिहासात पहिल्या भागाविषयी पुष्कळ लिहिले गेले असले तरी दुसऱ्याची दखल क्वचितच घेतली जाते, आणि त्याचे कारण साधे आहे. पाते मातीखाली शतकानुशतके टिकते, दांडा मात्र कुजतो, वाळवी खाते किंवा मोडल्यावर चुलीत जातो. अहमदनगर जिल्ह्याच्या, २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते, कारण क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्यात पश्चिमेला अकोले तालुक्याचे पावसाळी डोंगर, मध्ये प्रवरा आणि गोदावरीचा बागायती पट्टा आणि पूर्वेला व दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत हा कोरडा टापू असे निरनिराळे प्रदेश एकत्र आले आहेत, आणि एकाच घाटाच्या लोखंडाला या प्रदेशांनी आपापल्या झाडांचे आणि आपापल्या कामांचे दांडे बसवले आहेत.

दांड्याचा सर्वांत जुना पुरावा या जिल्ह्यात दांड्याच्या अभावातून मिळतो. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे प्रवरेच्या काठी तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या आणि १९५०–५१ मध्ये हसमुख सांकलिया व शां. भा. देव यांनी तेथे उत्खनन केले. पुढे याच गावाच्या नावाने इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातील एक संपूर्ण ताम्रपाषाण संस्कृती ओळखली जाऊ लागली. या कुऱ्हाडींना नेढे नाही, म्हणजे दांडा आरपार घालण्यासाठी धातूत ठेवतात ते भोक नाही. असे पाते वापरायचे तर दांड्याचे टोक चिरून किंवा कोरून त्यात ते बसवावे लागते आणि भोवती कातडी वादी किंवा दोर आवळावा लागतो, म्हणजे धक्क्याचा सारा भार लाकडाच्या चिरेवर आणि बांधणीवर येतो. नेवासे आणि दायमाबाद येथे मिळालेल्या गारगोटीच्या छोट्या पात्यांचीही हीच गत होती. बोटाच्या पेराएवढी ती पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खोबणीत ओळीने बसवल्याखेरीज त्यांचे हत्यार होत नव्हते. पुढे लोखंडाच्या कुऱ्हाडीला नेढे आले तेव्हा संबंध उलटला, आधी दांडा पात्याला पोटात घेत असे, आता पाते दांड्याला पोटात घेऊ लागले, आणि दांडा झिजला तर तो काढून दुसरा घालणे शक्य झाले. अवजाराच्या इतिहासात नेढ्याचे महत्त्व धारेपेक्षा कमी मानण्याचे कारण दिसत नाही.

निजामशाहीच्या काळापासून पेशवाईअखेरपर्यंत आणि त्यानंतरही बराच काळ हे बदलण्याचे काम बलुत्याच्या व्यवस्थेत बसवलेले होते. बलुते म्हणजे गावाला वर्षभर दिलेल्या सेवेबद्दल कारागिराला सुगीत मिळणारा धान्याचा वाटा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांच्या ज्या प्रती सांगितल्या आहेत त्यांत सुतार आणि लोहार थोरल्या कासेत, म्हणजे सर्वाधिक वाटा घेणाऱ्यांत येतात. कुदळ शेवटून देणे, म्हणजे बोथट झालेले टोक तापवून, ठोकून, त्याला पाणी देऊन पुन्हा धारदार करणे हे लोहाराचे. नांगराचे रुमणे, कुळवाची दांडी, कुऱ्हाडीचा दांडा तासून देणे हे सुताराचे. मात्र या वाटणीत एक बारकावा आहे. लोखंड विकत आणावे लागे, ते गावात पिकत नव्हते, आणि म्हणून लोखंडाचा हिशेब होई. लाकूड कुणब्याने स्वतः आपल्या बांधावरून तोडून आणायचे आणि सुताराने फक्त घडवायचे, असा सर्वसाधारण प्रघात होता. परिणामी कोणत्या झाडाचा दांडा घालायचा ही निवड कारागिराच्या हातात जितकी होती तितकीच वापरणाराच्या हातातही होती, आणि खुरपे, विळा यांसारख्या लहान अवजारांच्या मुठी तर शेतकरी आणि मजूर घरीच बसवत. गावोगाव बिऱ्हाड घेऊन फिरणारे घिसाडी विळे, खुरपी, कोयते, अडकित्ते घडवून रस्त्याकडेला विकत. तेही बहुधा पातेच विकत, मुठीची सोय गिऱ्हाइकाची.

आता झाडे. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या सतराव्या खंडात नगर जिल्ह्याची शेती, जंगले आणि जातिव्यवसाय यांची तपशीलवार नोंद आहे, पण दांड्याचे लाकूड हा वेगळा विषय तेथे नाही. तो झाडांच्या गुणांवरून आणि कारागिरांच्या परंपरेवरून जुळवावा लागतो. मैदानी भागात या कामी पहिला मान बाभळीचा. ती कठीण आहे, चिवट आहे, काळ्या जमिनीत ओढ्याकाठी आपोआप उगवते, आणि तिचे गाभ्याचे तांबूस लाकूड धक्का सोसते. गाडीची चाके, नांगर, मोटेचे सामान आणि दांडा या सगळ्यांना एकच झाड पुरे पडे. तिचा दोष वाकडेपणाचा. सरळ दांडा निघेल असे खांड बाभळीत शोधावे लागते, आणि शोधून सापडलेले खांड कित्येक महिने गोठ्याच्या आढ्याला धुरात टांगून ठेवण्याची रीत होती, कारण ओल्या लाकडाचा दांडा नेढ्यात घट्ट बसतो आणि वाळल्यावर सैल पडतो, शिवाय धुराने किडीलाही आळा बसतो. हिवर आणि बोर ही कोरड्या टापूतली पर्यायी झाडे. बोरीचे लाकूड कठीण असते पण लांब सरळ खांड त्यात विरळाच. चिंचेचे लाकूड जड आणि गुंतलेल्या शिरांचे, म्हणून ते दांड्यापेक्षा मोगरी आणि घाण्याला योग्य. खैराचे मुसळ प्रसिद्ध आहे. साग टिकाऊ असला तरी सततच्या धक्क्याने त्याच्या शिरा उकलतात आणि कुसळे हातात जातात, त्यामुळे ज्या अवजाराला आघात नाही अशा लांब, हलक्या कामालाच तो बरा.

पश्चिमेकडे, अकोल्याच्या डोंगरांत, महादेव कोळी आणि ठाकर वस्तीच्या गावांना निवड अधिक मोकळी होती. धामण हे मध्यम उंचीचे झाड तेथील रानात मिळते आणि त्याच्या लाकडाचा लवचीकपणा विख्यात आहे. कावडीची दांडी, धनुष्य आणि कुऱ्हाडीचा दांडा या तिन्ही कामांना तेच लाकूड चालते यातच त्याचा स्वभाव स्पष्ट होतो, कारण तिन्ही ठिकाणी लाकूड वाकून परत सरळ व्हावे लागते. धावड्याचे लाकूड त्याहून कठीण आणि आसासाठी नावाजलेले. तिवस नांगराला उत्तम. वेळू, म्हणजे बांबू, आघाताच्या अवजाराला निरुपयोगी, पण जिथे लांबी हवी आणि वजन नको तिथे त्याला तोड नाही. फळे उतरवण्याची आकडी, जळमटे काढण्याचा झाडू आणि शेळ्यांसाठी पाला पाडण्याचा आकडा यांना तोच लागतो. लांबी, लवचीकपणा आणि वजन हे तीन गुण एका लाकडात क्वचितच एकत्र येतात, म्हणून दांड्याची निवड कोणता गुण सोडून द्यायचा इथूनच सुरू होते.

लाकूड निवडल्यावर ते बसवण्याची विद्या येते, आणि तिच्यात अवजारागणिक फरक आहे. कुऱ्हाडीचा दांडा खालून नेढ्यात घालतात, वरून बाहेर आलेल्या टोकाला चीर देऊन तीत पाचर ठोकतात आणि पाचरीने लाकूड फाकून नेढ्यात आवळले जाते. टिकावाचे नेढे एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद असते, दांड्याचे एक टोक जाड ठेवलेले असते, आणि टिकाव मुठीच्या बाजूने सरकवत वर नेला जातो. असा दांडा प्रत्येक उगारीसरशी अधिकच घट्ट होतो आणि पाचरीवर अवलंबून राहत नाही, शिवाय धार लावायला लोखंड काढायचे असेल तर दांड्याचे मुठीकडचे टोक जमिनीवर आपटले की काम भागते. खुरप्याचे आणि विळ्याचे पाते मागे निमुळते होत जाते, ते टोक तापवून लाकडी मुठीत ठोकतात आणि मूठ चिरू नये म्हणून तोंडाशी लोखंडी कडे घालतात. नगरच्या हवेत एक अडचण कायमची आहे. उन्हाळ्यात हवा इतकी कोरडी होते की चांगले मुरलेले लाकूडही आकसते आणि कामाच्या ऐन दिवसांत टिकाव हलू लागतो. यावर मजुरांचा उपाय म्हणजे अवजार रात्रभर पाण्यात ठेवणे. भिजलेले लाकूड फुगते आणि सकाळी दांडा घट्ट मिळतो, पण वारंवार फुगून आकसणाऱ्या लाकडाचे तंतू नेढ्याच्या कडेशी चिरडले जातात आणि दांडा नेमका तेथेच मोडतो. उपाय लोकप्रिय असला तरी तो उधारीचा आहे हे सुतार सांगत आले, आणि मजुरी त्या दिवसाची असल्यामुळे मजूर तो करत आले.

मापे अंगावरून घेतली जात. हात, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, वीत आणि मूठ ही दांड्याची एकके होती, आणि ती ज्याच्या अंगाची असत त्यालाच तो दांडा नेमका होत असे. आजचे श्रमशास्त्र ताकदीच्या पकडीसाठी तीन ते चार सेंटिमीटरच्या आसपास व्यासाची मूठ योग्य मानते. बोटांची टोके अंगठ्याच्या बुंध्याशी जवळजवळ भिडावीत हा मुठीच्या जाडीचा जुना ठोकताळाही त्याच मापाच्या जवळपास येतो. उकिडवे बसून चालवायच्या खुरप्याला वितीभर मूठ पुरते, आणि खुरपणीचे काम पिढ्यान्‌पिढ्या बायकांच्या वाट्याला आल्यामुळे जिल्ह्यातील शेतीच्या कामाचे सर्वाधिक तास याच आखूड मुठीवर खर्च झाले असावेत. उभ्याने चालवायचे लांब दांड्याचे कोळपे आणि पुढे आलेले सायकल कोळपे यांनी कंबर वाचवली. तरी दाट पेरलेल्या पिकात आणि रोपांच्या बुंध्याशी खुरपे हटले नाही.

लाकडावरचा हक्क एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आक्रसला. १८७८ च्या भारतीय वन कायद्याने राखीव जंगले निश्चित करण्याचा अधिकार सरकारला दिला आणि ज्या रानातून धामणीचे खांड सहज आणता येई तेथे गावाचा वहिवाटीचा हक्क सवलतीच्या पातळीवर उतरला. योगायोग असा की त्याच वर्षी दौंड–मनमाड लोहमार्ग सुरू झाला, आणि त्याच्या मातीकामावर १८७६–७८ च्या दुष्काळातील हजारो माणसे राबली होती. दुष्काळी कामांवर टिकाव, फावडी आणि पाट्या सरकारी खात्याकडून मिळत, म्हणजे अंगाच्या मापाचा दांडा सोडून एकसारख्या मापाच्या सरकारी दांड्यावर काम करण्याचा अनुभव नगरच्या कुणब्याला मोठ्या प्रमाणावर प्रथम बहुधा अशा कामांवर आला. लोहमार्गाने आणखीही एक गोष्ट केली: मुंबईच्या बंदरात उतरणारे विलायती लोखंड आणि तयार अवजारे नगरच्या पेठेत पूर्वीपेक्षा सहज पोहोचू लागली, आणि लोहाराच्या भट्टीवरचा गावाचा भार हलका होऊ लागला.

सुताराची विद्याही याच सुमारास बलुत्याबाहेर पडू लागली. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरमध्ये १८३१ पासून चालू होते आणि शतकाच्या अखेरीस मिशनने सर डी. एम. पेटिट यांच्या नावाने औद्योगिक शिक्षणाची शाळा चालवली. सुतारकाम जातीबाहेरच्या मुलांना शिकवले जाणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती, कारण बलुत्याच्या चौकटीत रंधा आणि वाकस ही हत्यारे घराण्याची मिरास होती.

विसाव्या शतकात नगरच्या अवजारांना खरी कलाटणी पाण्याने दिली. दारणा धरणामुळे गोदावरीचे कालवे वाहू लागले, १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, आणि कोपरगाव, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यात बारमाही ऊस उभा राहिला. पाटाचे पाणी शेतात फिरवायचे तर खोरे लागते. दारे धरणारा माणूस, म्हणजे सरीमागून सरी पाणी वळवणारा माणूस, रात्रभर चिखलात उभा असतो, आणि त्याच्या खोऱ्याच्या दांड्याला जोराचा आघात सोसावा लागत नसला तरी सतत ओल सोसावी लागते. ओलीत बाभूळ काळी पडते, जड होते, आणि मूठ निसटते. अशा दांड्याला हातसराव हाच खरा लेप, कारण घासून गुळगुळीत झालेले लाकूड पाणी कमी पिते, आणि नवा दांडा तेलाने चोळून ठेवण्यामागे हेतू तोच असतो.

उसाने दुसरे अवजार मोठे केले, ते म्हणजे कोयता. बेलापूर कंपनीच्या हरेगाव येथील कारखान्यापासून सुरू झालेली साखरेची वाट १९५० मध्ये लोणीच्या सहकारी कारखान्यापर्यंत आली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिलेला प्रवरेचा हा कारखाना देशातील सहकारी साखर उद्योगाचा आरंभ मानला जातो. पाण्याचा पट्टा आणि मजुरांचा टापू मात्र वेगळे राहिले. ऊस उत्तरेकडे पिकला आणि तो तोडायला पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथून आणि शेजारच्या बीड जिल्ह्यातून टोळ्या येऊ लागल्या; दसरा-दिवाळीनंतर निघायचे आणि उन्हाळ्यात परतायचे हे त्यांचे वर्ष ठरून गेले. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ आणि एकटा मजूर ‘अर्धा कोयता’ अशी मांडली जाते. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, याच हिशेबाने दिली जाते. हे अवजार पाहता आश्चर्य एवढेच वाटते की ज्याच्या नावाने माणसे मोजली गेली त्याच्या मुठीचा विचार कोणी केला नाही. बुडखा जमिनीलगत तोडण्यासाठी कमरेत वाकायचे आणि वाढे छाटण्यासाठी पुन्हा सरळ व्हायचे ही हालचाल एका जोडप्याला दीड-दोन टन उसासाठी दिवसभर करावी लागते, आणि कोयत्याची मूठ वितीपेक्षा फार लांब नसल्याने वाकण्याला पर्याय राहत नाही. मुठीवर चिंधी किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणे ही दुरुस्ती तोडणीवाल्यांनी स्वतःच शोधून काढली. घामाने निसटणारी पकड तिच्यामुळे टिकून राहते आणि तळहातावरचे फोडही कमी होतात.

१९७२ च्या दुष्काळात पाझर तलाव, बांधबंदिस्ती आणि खडी फोडण्याच्या कामांवर राज्यभरात ऐन भरात सुमारे ५० लाख माणसे होती, आणि त्या अनुभवातूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजना कायद्याच्या रूपात आली. या कामांत मजुरी मोजमापावर होती, म्हणजे किती घनमाप माती किंवा खडी निघाली यावर. सैल दांड्याने गमावलेला अर्धा तास थेट मजुरीतून कापला जाई. त्यामुळे खडीच्या ढिगाऱ्याशेजारी बसून हातोड्याची पाचर पुन्हा ठोकणारा मजूर स्वतःचे उत्पन्न सांभाळत होता असेच म्हटले पाहिजे.

याच काळाच्या पुढेमागे जिल्ह्याच्या डोंगरमाथ्यांवर झाडाची बाजू घेणारे प्रयोग उभे राहिले. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी आणि नगर तालुक्यातील हिवरेबाजार या गावांनी पाणलोटाच्या कामाबरोबर कुऱ्हाडबंदी स्वीकारली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण मराठीत जुनीच आहे. या गावांनी काळाचा बंदोबस्त पात्याकडून न करता हाताकडून केला, म्हणजे कुऱ्हाड वापरणाऱ्याला ग्रामसभेच्या नियमाने बांधून घेतले. एकीकडे राखलेले रान परत आले, तर दुसरीकडे उरलेल्या कोरड्या टापूत वेडी बाभूळ पसरली, जिचे लाकूड कठीण असले तरी काटेरी, वेडेवाकडे आणि दांड्याला नाठाळ. बांधावरचे सरळ खांड दुर्मीळ झाले तसा तयार दांडा पेठेत विकत मिळू लागला. यंत्रावर गोल कातलेला, एकसारख्या लांबीचा, निलगिरी, सुबाभूळ किंवा कोणत्याही हलक्या लाकडाचा. भारतीय मानक संस्थेने लाकडी दांड्यांसाठी आयएस ६२० हे मानक केले खरे, पण आठवडे बाजारातील दांड्याच्या ढिगात ते पाहायला कोणी जात नाही. घोडेगाव किंवा काष्टीच्या बैलबाजारात दांडा निवडणारा माणूस अजूनही त्याच्या टोकाकडे पाहतो, शिरा दांड्याच्या लांबीबरोबर धावतात की मध्येच तिरक्या बाहेर पडतात ते तपासतो, कारण तिरक्या शिरेचा दांडा पहिल्याच जोराच्या घावाला सोलला जातो. यानंतरची पायरी लोखंडी नळीची. खुरपी, फावडी आणि कोयते नळीची मूठ थेट जोडून मिळू लागले. ही मूठ मोडत नाही, पण धक्का सोसून न घेता तो जसाच्या तसा मनगटाकडे धाडते, उन्हात तापते, आणि मुख्य म्हणजे ती बदलता येत नाही. जोर्व्याच्या चपट्या कुऱ्हाडीनंतर नेढ्याने जी सोय दिली ती वेल्डिंगने काढून घेतली असे म्हणण्यास हरकत नाही.

दांड्याच्या या इतिहासात एक अगदी निराळे अवजार उशिरा शिरले, आणि ते काचेमुळे. नगरच्या जुन्या वाड्यांच्या खिडक्यांना लाकडी दारे आणि गज होते, निजामशाही इमारतींना दगडी जाळ्या. तावदानाची काच गावात आली ती छावणीतल्या बंगल्यांबरोबर, मिशनच्या इमारतींबरोबर आणि सरकारी कचेऱ्यांबरोबर. स्वदेशीच्या काळात तळेगावला पैसाफंडाचा काच कारखाना आणि पुढे ओगलेवाडीला ओगले बंधूंचा कारखाना निघाला, तरी त्यांची ख्याती चिमण्या, कंदील आणि बाटल्यांची. खिडकीची काच बराच काळ महाग राहिली आणि ती पुसायला जुन्या धोतराचे फडके आणि वर्तमानपत्राचा बोळा पुरेसा होता. काच पुसणे हे रोजचे काम ठरले ते वाहनांमुळे. राज्य परिवहनाची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावरच धावली, आणि आगारात गाड्या धुणाऱ्या हातांना समोरच्या काचेवरची धूळ आणि किडे रोज काढावे लागू लागले. त्यानंतर दवाखाने, बँका, शोरूम, शिर्डीची भक्तनिवासे आणि हॉटेले, सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतील कचेऱ्या आणि २०१७ मध्ये सुरू झालेला शिर्डीचा विमानतळ यांनी भिंतभर काचेची चाल रुळवली.

या काचेसाठी जे अवजार वापरतात त्याला बाजारात काचेचा वायपर आणि सफाईच्या व्यवसायात स्क्वीजी म्हणतात. त्याचे मूळ जहाजाच्या फळ्यांवरचे पाणी ओढून काढण्याच्या लाकडी अवजारात सांगितले जाते. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत काचेसाठी वापरला जाणारा प्रकार पोलादी, बोजड आणि दोन रबरी पट्ट्यांचा होता, आणि रबर बदलायला बारा स्क्रू काढावे लागत. इटलीहून कॅलिफोर्नियातील ओकलंडला गेलेल्या एत्तोरे स्तेकोने या काच पुसणाऱ्या कारागिराने १९३० च्या दशकात पितळेचा, एकाच पातळ रबराचा, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा हलका वायपर तयार केला आणि आजचे व्यावसायिक अवजार त्याच धर्तीचे आहे. त्याचे तीन सुटे भाग असतात: रबराची पट्टी, ती धरणारी धातूची पन्हळ, आणि पन्हळीला पकडणारी मूठ. रबर झिजले तर रबर बदलायचे, मोठ्या काचेसाठी लांब पन्हळ लावायची, मूठ तीच ठेवायची. कुऱ्हाडीच्या नेढ्याने जे केले तेच येथे उलट्या बाजूने घडले, कारण येथे टिकणारा भाग मूठ आहे आणि पाते नाशवंत.

मूठ निवडताना नगरच्या कोरड्या हवेचा आणि पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत विंधन विहिरीचे पाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त. काचेवरून ते वेळेत ओढून काढले नाही तर उन्हाने वाळून पांढरे डाग पडतात आणि ते पुसून जात नाहीत. त्यामुळे ओढ सलग आणि जलद हवी, आणि ती हवी असेल तर मूठ न सोडता मनगट वळवता आले पाहिजे. अनुभवी सफाई कामगार वायपर काचेवरून न उचलता डावीकडून उजवीकडे आणि परत असा वळणावळणाने खाली आणतो. या तंत्राला घट्ट बसलेली मूठ सोयीची, कारण कोनावरचा ताबा पूर्णपणे हातात राहतो. उलट उंचावरच्या काचेसाठी, कोपऱ्यांसाठी आणि आडव्या हाताने करायच्या कामासाठी सांध्यावर फिरणारी मूठ बरी. पितळ जड आहे, पण गंजत नाही आणि आपल्या वजनानेच रबर काचेला टेकवते. दिवसभर हात वर धरायचा तर तेच वजन खांद्यात उतरते. ॲल्युमिनियम हलके, मात्र तीव्र क्षारयुक्त द्रावणाने ते काळवंडते. स्टेनलेस स्टील टिकाऊ, गुळगुळीत आणि म्हणून साबणाच्या हातातून निसटणारे, त्यावर रबरी आवरण असेल तरच कामाचे. प्लॅस्टिकची मूठ स्वस्त असते आणि घरगुती खिडक्यांपुरती चालते, पण सतत उन्हात राहिली की ठिसूळ होते, आणि नगरच्या मार्च–मे महिन्यांत ही उणीव लपत नाही. पन्हळ साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटरची घेतल्यास मनगट आणि काच दोघांनाही झेपते; त्याहून लांब पन्हळीला मुठीची पकड दोन दातांची किंवा स्प्रिंगची आहे की स्क्रूची, हे पाहावे लागते, नाहीतर टोकाकडचे रबर उचलले जाऊन पाण्याची रेघ राहते.

उंचीचा प्रश्न आला की वेळू परत येतो. व्यावसायिक मुठीचा तळ पोकळ असतो आणि त्यात ॲल्युमिनियमच्या सरकत्या काठीचे निमुळते टोक बसते, किंवा आट्यांनी फिरवून आवळले जाते. निमुळत्या टोकाची मूठ झटकन निघते, आट्यांची फिरवून काढावी लागते. गावातल्या दुकानदाराकडे ही काठी नसते, तेव्हा वायपरची मूठ बांबूला तारेने किंवा सुतळीने बांधली जाते, आणि ओल्या सुतळीचा ताण ढिला पडला की वायपर काचेवर तिरका होतो. तालुक्याच्या बाजारात सहसा मुठीसकट अख्खा वायपर एकच वस्तू म्हणून विकला जातो. रबर फाटले की धड मूठही भंगारात जाते. सुटे रबर, सुटी पन्हळ आणि सुटी मूठ हवी असेल तर ती पुण्या-मुंबईच्या सफाई साहित्याच्या व्यापाऱ्याकडून मागवावी लागते, आणि मागवणाऱ्याला पन्हळीची लांबी, मुठीच्या पकडीचा प्रकार आणि काठीचे टोक निमुळते की आट्यांचे, एवढे आधी सांगता यावे लागते.